मेंदी : अंगरंजनाची परंपरा

(हिं. मेहंदी, ते. गोरिंटाकु, लॅ. लॉसोनिया इनर्मिस, कुल – लिथ्रेसी). पानांपासून मिळणाऱ्या तांबूस रंगासाठी प्रसिद्ध असलेले झुडूप. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण हे याच कुलातील होय. उष्ण व कोरडी हवा मेंदीस मानवते. त्यामुळे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या कमी पावसाच्या मुलखातही ती कुंपणाला लावता येते. व्यापारी लागवडीसाठी राजस्थानातील सोजत प्रसिद्ध असून तेथील मेंदीस २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ईजिप्तमधील काही ममींचे केस व नखे मेंदीने रंगविलेली आढळतात. भारतातील तिचे प्राचीनत्व मात्र केवळ नावावरून ठरविणे धोक्याचे आहे. मदयंतिका या संस्कृत नावाचा अर्थ काही कोशकार मेंदी, तर काही मोगऱ्याची एक जात असा देतात. मराठी विवाहविधीत अंगलेपाचा मान हळदीचा. मेंदी ही नागपंचमी, मंगळागौर अशा श्रावणातील सणांची. लग्नाआधीचा स्वतंत्र मेंदी-समारंभ मराठी घरांत अलीकडे रुळला. पूर्वी पाला पाट्यावर वाटून तळहातावर वाटोळा ठिपका देत व बोटांची टोके लिंपीत. काडीने नक्षी काढण्याची रीतही होती; पुढे कागदी वा प्लॅस्टिकच्या कोनाने ती मागे टाकली.

पानांत लॉसोन हे रंगद्रव्य सु. एक टक्का असते. लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लात पूड काही तास भिजविली म्हणजे ते मोकळे होते व त्वचेच्या बाह्य थरातील केरॅटिन या प्रथिनाशी बद्ध होते. तळहात-तळपायांवर हा थर जाड असल्याने रंग तेथेच अधिक खुलतो. लेप सहा ते आठ तास ठेवावा, तो वाळून गळू नये म्हणून साखर-लिंबाचे पाणी लावावे, नंतर धुण्याऐवजी खरवडून काढावा आणि दिवसभर पाणी टाळावे. प्रथम नारिंगी दिसणारा रंग एकदोन दिवसांत गडद तपकिरी होतो व एक ते तीन आठवडे टिकतो. त्वचेचा थर झडतो तसा तो जातो. यावर उपाय नाही. कात वा चहाचे पाणी घालण्याची घरगुती चाल निरुपद्रवी असली, तरी गुण मुख्यतः ताज्या पुडीचा व धीराचा असतो.

हा धीर सुटल्यानेच ‘काळी मेंदी’ बाजारात आली. मेंदीचा रंग स्वभावतः काळा नसतो. त्वचेवर तासाभरात काळा होणारा लेप बहुधा पॅराफिनिलीनडायमीन मिसळलेला असतो. केसांच्या कलपात १८८३ पासून वापरात आलेले हे रसायन त्वचेवर लिंपल्यास काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, नक्षीच्या रेषांवरच खाज व फोड उठतात, डाग राहतात. एकदा जडलेली ही अधिहर्षता (ॲलर्जी) सहसा आयुष्यभर टिकते व पुढे साधा कलपही सोसत नाही. म्हणून घटक न छापलेला तयार कोन घेऊ नये. पाण्यात कालविलेल्या पुडीचा ठिपका आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावा. फोड आल्यास लेप तत्काळ धुवून त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

शुद्ध मेंदीही सर्वस्वी निर्धोक म्हणता येत नाही. जी६पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांत तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. तान्ह्या मुलांच्या तळपायांना मेंदी लावू नये.