दिव्याखालचे मावळ

दिव्याखाली अंधार ही आपली जुनी म्हण. मुंबईच्या विजेचा इतिहास चाळताना ती मला वारंवार आठवते.

पूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दूर बंगालहून यायचा, महाग पडायचा. सूर्य मावळला की कामगाराची सुटका होई, एवढेच त्याचे सुख. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेही सुख गेले. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार खवळले, ओरड झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. दिवा तोच राहिला. माणसाचा दिवस आखला तो कायद्याने.

पुढे वीजही घरची झाली. घाटमाथ्यावरचे पाणी स्वभावाने पूर्वेकडे वाहणारे. ते अडवायचे आणि नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली कोकणात सोडायचे, ही टाटांची योजना. १९१५ मध्ये खोपोलीचे, १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. या युक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण तिसरी योजना मुळशीची. निळा आणि मुळा यांच्या खोऱ्यातली ती आंबेमोहोराची खाचरे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकार कंपनीच्या पाठीशी उभे राहिले. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले, सुटले आणि पुन्हा गेले. लढा मोडला तो मात्र आतून. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदल्यात समाधान होते. जो कसत होता, त्या कुळाच्या हाती काय पडणार? १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला जाऊ लागली.

तेव्हा वीज ही वाईट नव्हे. तिने घरोघरचे कष्ट हलके केले. परंतु ती आपोआप कोणाचे कल्याण करीत नाही. गिरणी कामगाराला कायदा सहा वर्षांत मिळाला. जमीन नावावर नसलेल्या कुळाला आणि शेतमजुराला बाधित कुटुंब म्हणून देशाच्या भूसंपादन कायद्यात जागा मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. मुळशीकरांसाठी ते फारच उशिराचे होते.

वाचकहो, यंदा दिव्यांच्या माळा लावताना मुलांना खोपोली-भिऱ्याची गोष्ट जरूर सांगा. पण ती मुळशीच्या खाचरांपासून सुरू करा.