सायकलचा दिवा

१९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आम्ही कॉलेजात असताना दोन्हीकडे सायकलचा नियम एकच. रात्री दिवा हवा, डबलसीट नको. एकदा मी दिव्याविना सापडलो. हवालदाराने चाकातली हवा सोडली, वर म्हणाला, "मास्तर व्हायचंय ना?" चालत घरी आलो. दंड वाचला म्हणून तेव्हा बरेच वाटले.

पुढे १९८८चा मोटार वाहन कायदा आला, आता तर ई-चलन थेट मोबाईलवर येते. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण सगळे असते. नातू कुरकुरतो. मी म्हणतो, बाबा, चुकीचे असेल तर तक्रार तरी करता येते. सोडलेल्या हवेची पावती कोणाला दाखवणार?

असो. दिवा मात्र दुसऱ्याच दिवशी बसवला होता!