ग्रंथ टिकतो कशाने?

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी मंडळांच्या ग्रंथालयांपुढे आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो. छापील पुस्तके विकत घेत राहावे, की त्यांच्या जागी ई-पुस्तकांचा स्वीकार करावा? कपाटे भरून गेली आहेत, जागेची वानवा आहे आणि तरुण पिढी हातातील यंत्रावर वाचू लागली आहे. वरवर पाहता हा प्रश्न अगदी नवा वाटतो. परंतु पोथी की छापील ग्रंथ, या रूपाने मराठी समाजाला तो पूर्वी एकदा सोडवावा लागला होता. त्या इतिहासातील कित्येक महत्त्वाची स्थळे महाराष्ट्राच्या सीमेपलीकडची आहेत; म्हणून तो आपल्याला विशेष जवळचा वाटावा.

मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथ म्हणजे पोथी. एका पोथीवरून दुसरी उतरवून घ्यावयाची, हाच ग्रंथप्रसाराचा मार्ग होता. लेखनिकाचे चित्त स्थिर असे तोवर पाठ शुद्ध राही. ते विचलित झाले की अपपाठ शिरे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत इतके पाठभेद शिरले की, संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. प्रती थोड्या आणि त्याही परस्परांशी न जुळणाऱ्या, हे पोथीयुगाचे दुखणे होते. छपाई हे त्यावरील औषध ठरणार होते.

मात्र छापले म्हणजे टिकले, असे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ गोव्यात राचोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही, तो गोवा सोडून दक्षिणेस मंगळूरच्या परिसरात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी तो हाताने उतरवून घेतला, घरोघरी वाचला आणि पिढ्यानुपिढ्या जपला. अशा हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. छापील प्रत हरपली आणि हस्तलिखिताने ग्रंथ तारला! तोही कोणी, तर स्वभूमीपासून दूर गेलेल्या माणसांनी.

याच्या नेमके उलट उदाहरण बंगालमधील श्रीरामपूरचे. तेथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण रचले आणि १८०५ साली ते प्रसिद्ध केले. त्यात मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांनी छापला होता. हे नागरी खिळे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या कौशल्याचे फळ होते. पुढे १८१२ च्या मार्च महिन्यात त्या छापखान्यास भीषण आग लागली. जे ग्रंथ छापून बाहेर गेले होते ते सुरक्षित राहिले. परंतु केरी यांनी परिश्रमपूर्वक तयार केलेल्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळून गेले. येथे छापील ग्रंथ तरला आणि हस्तलिखित बुडाले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथाचे आयुष्य केवळ त्याच्या माध्यमावर ठरत नाही. त्याच्या प्रती किती आहेत, त्या किती ठिकाणी विखुरल्या आहेत आणि त्या वाचणारे कोणी उरले आहे की नाही, यावर ते ठरते.

अर्थात नव्या माध्यमाचा स्वीकार सुखासुखी झाला नाही. तंजावरास सर्फोजीराजांनी छापखाना उभारून १८०६ साली इसापच्या कथांचा ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला, तो राजाश्रयाच्या बळावर. मुंबईत गणपत कृष्णाजींना मात्र लोकांची मने वळवावी लागली. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यात छापील कागदाला हात लावण्यास लोक कचरत. त्यांच्या समाधानासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगितले जाते. पुढे कित्येक धार्मिक ग्रंथ पोथीप्रमाणे आडव्या सुट्या पानांवरच छापले गेले, म्हणजे वाचणाऱ्याला परकेपणा वाटू नये. आजच्या ई-पुस्तकातही पान उलटल्याचा आभास मुद्दाम निर्माण केलेला असतो. नवे माध्यम प्रथम जुन्याचेच वस्त्र पांघरून घरात शिरते, हा नियम दोन शतकांत बदललेला नाही. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली, तेव्हा या नव्या माध्यमाची प्रतिष्ठा निश्चितच वाढली.

छपाईने दिले पुष्कळ, पण काही हिरावूनही नेले. केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला होता. परंतु पुढे मुद्रणात बाळबोध लिपी रूढ झाली आणि विसाव्या शतकात मोडी शाळांतून हद्दपार झाली. आज मोडी कागदपत्रांचे असंख्य रुमाल सुस्थितीत असूनही ते वाचणारे विरळा. तसेच जुन्या पोथ्यांचा हातकागद आजही चिवट आहे, तर शंभर वर्षांपूर्वी यांत्रिक पद्धतीच्या कागदावर छापलेली पुस्तके हात लावताच तुकडे होऊन गळतात.

आता ई-पुस्तकाकडे वळू. १९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी संगणकात ग्रंथ साठविण्यास आरंभ केला. १९९१ साली ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात देवनागरीचा समावेश होता. २००७ साली ‘किंडल’ हे वाचनयंत्र बाजारात आले आणि २०१६ च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तके रीतसर विकली जाऊ लागली. दूरदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला याचे मोल सांगावयास नको. पुण्यामुंबईच्या दुकानातून पुस्तक मागवून टपालाची वाट पाहणे संपले. वृद्धांना अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचता येते, हा लाभही लहान नाही.

परंतु येथेही दोन इशारे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला मालकीचा. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपल्या मालकीची वस्तू नसते; ते वाचण्याची केवळ परवानगी आपल्याला मिळालेली असते. २००९ साली जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती हक्कांच्या वादामुळे वाचकांच्या यंत्रांतून दूरस्थपणे पुसल्या गेल्या. घरातील फडताळातून पुस्तक असे नाहीसे होत नाही. ते नातवाच्या हाती जाऊ शकते. दुसरा इशारा लिपीचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या संगणकीय टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक हाताशी नसेल तर आज निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. मोडीच्या रुमालांची गत एका पिढीच्या अवकाशात संगणकालाही आली!

म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न न विचारता ‘कशासाठी कोणते’ असा विचारणे श्रेयस्कर. नित्य वाचनाच्या कथा-कादंबऱ्या, नियतकालिके, चटकन हवे असलेले संदर्भ यांसाठी ई-पुस्तक सोयीचे. कोश, संतवाङ्मय, मुलांची सचित्र पुस्तके आणि पुन्हा न छापली जाणारी दुर्मिळ पुस्तके कपाटात हवीत. जागा नाही म्हणून एखादे पुस्तक काढून टाकण्यापूर्वी ते अन्यत्र कोठे मिळते काय, एवढे तरी पाहिले पाहिजे.

आणि एका गोष्टीकडे तर तातडीने लक्ष द्यावयास हवे. मंडळांची इतिवृत्ते, हौशी सभासदांनी काढलेली हस्तलिखित वार्षिके, गणेशोत्सवात सादर झालेल्या स्वरचित नाटकांच्या संहिता, जुन्या स्मरणिका यांच्या प्रती कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत. पुष्कळदा त्यांची एकच प्रत असते, तीही एखाद्या दिवंगत कार्यवाहांच्या घरी पेटीच्या तळाशी. श्रीरामपूरला जळाले ते एकुलते एक हस्तलिखितच होते. या कागदांची छायाप्रत संगणकात जावी, तिची एक छापील प्रत ग्रंथालयात राहावी आणि आणखी एक दुसऱ्या गावच्या मंडळाकडे ठेव म्हणून असावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे कार्य हाती घेता आले तर शतकमहोत्सवी स्मरणिका लिहिणाऱ्यास आपला इतिहास शोधीत हिंडावे लागणार नाही.

राहिला वाचकांचा प्रश्न. मंगळूरच्या त्या कुटुंबांनी ग्रंथ जपला, कारण तो त्यांच्या घरांत मोठ्याने वाचला जात होता. आपली मुले मराठी बोलतात, पण पुष्कळांना देवनागरी वाचताना अडखळावयास होते. त्यांच्यासमोर कागद असो वा काचेचा पडदा, शेजारी बसून रोज एक पान वाचून दाखविणारे आजी-आजोबा, आई-वडील असतील, तरच दोन्ही माध्यमांतील मराठी ग्रंथांना पुढे वाचक लाभेल.