श्वानपालन

श्वानपालन म्हणजे सोबत, राखण किंवा अन्य हेतूने कुत्रा घरी बाळगणे आणि त्याचे आयुष्यभर संगोपन करणे होय. कुत्र्याचे आयुर्मान जातीनुसार साधारणतः ८ ते १५ वर्षे असते. त्यामुळे कुत्रा पाळण्याचा निर्णय कुटुंबावर दीर्घकालीन जबाबदारी टाकणारा असतो. घरातील वेळ, जागा, हवामान आणि खर्चाची तयारी यांच्याशी कुत्र्याच्या गरजा जुळल्या नाहीत, तर वर्तनाच्या समस्या, आजार आणि अखेरीस कुत्रा सोडून देणे असे परिणाम संभवतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील घरगुती श्वानपालनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कुत्रा (शास्त्रीय नाव : कॅनिस ल्युपस फॅमिलिॲरिस) हा लांडग्यापासून उत्क्रांत झालेला असून माणसाने माणसाळवलेला तो पहिला प्राणी मानला जातो. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे एका पुरुषासह आणि स्त्रीसह पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सापडले आहेत. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. हे पिलू गंभीर आजारी असताना माणसांनी त्याची शुश्रूषा केली असावी, असे अनुमान संशोधकांनी त्याच्या दातांवरील खुणांवरून काढले आहे.

महाराष्ट्रात कुत्र्याला धार्मिक व लोकजीवनातही स्थान आहे. दत्तात्रेयांच्या प्रतिमेतील चार कुत्री चार वेदांची प्रतीके समजली जातात. खंडोबाच्या मूर्तीसोबतही कुत्रा दाखवला जातो. धनगरांच्या कळपाची, शेताची आणि घराची राखण करणारे कुत्रे ग्रामीण जीवनाचा भाग राहिले आहेत.

पारंपरिक पद्धतीत कुत्रा अंगणात किंवा ओसरीवर राहत असे. त्याचे हिंडणे, इतर कुत्र्यांशी मिसळणे आणि मलमूत्रविसर्जन या गोष्टी तो स्वतःच पाहत असे. शहरांतील सदनिकांमध्ये कुत्रा घराच्या आत आला आणि हे चित्र पालटले. बंद दाराआड राहणारा कुत्रा बाहेर जाणे, व्यायाम आणि सहवास या सर्व गोष्टींसाठी माणसावर अवलंबून असतो. आधुनिक श्वानपालनातील बहुतेक अडचणींचे मूळ या बदलात आहे.

निवडीपूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

* वेळ : प्रौढ कुत्र्याला दिवसातून किमान दोन-तीन वेळा बाहेर न्यावे लागते. पिलाला याहून बरेच अधिक लक्ष लागते. घरातील सर्व माणसे दिवसभर बाहेर असतील, तर एकट्या राहणाऱ्या कुत्र्यात भुंकणे, वस्तू कुरतडणे व अस्वस्थता दिसून येते.
* जबाबदारीची वाटणी : मुलांच्या हट्टाखातर कुत्रा आणला, तरी त्याची जबाबदारी मोठ्यांवरच येते. त्यामुळे घरातील प्रौढांचे एकमत आवश्यक ठरते.
* खर्च : खरेदीच्या किमतीपेक्षा आहार, लसीकरण, औषधोपचार आणि प्रवासकाळातील देखभाल यांचा आयुष्यभराचा खर्च बराच अधिक असतो.
* हवामान : कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीराचे तापमान नियंत्रित करतो. त्यामुळे थंड प्रदेशातील दाट केसांच्या जातींना महाराष्ट्रातील उन्हाळा त्रासदायक ठरतो.
* आरोग्य : घरातील कोणाला प्राण्यांच्या केसांची किंवा लाळेची ॲलर्जी आहे का, हे आधी पाहिले जाते.

जातीची निवड

फेडरेशन सायनॉलॉजिक इंटरनॅशनल ही आंतरराष्ट्रीय संस्था ३५० पेक्षा अधिक जातींना मान्यता देते. प्रत्येक जात विशिष्ट कामासाठी निवडक पैदाशीतून घडली असून त्या कामाच्या प्रेरणा घरातही कायम राहतात. मेंढ्या हाकणाऱ्या जातींना सतत हालचाल हवी असते, वास काढणाऱ्या जाती जमीन हुंगत दूर निघून जातात, तर राखणीच्या जाती परक्या माणसाविषयी सावध असतात. तथापि, एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या स्वभावात मोठा फरक असू शकतो. संगोपन आणि पूर्वानुभव यांचाही स्वभावावर परिणाम होतो.

* देशी कुत्रा : बोलीभाषेत याला गावठी कुत्रा म्हणतात. आखूड केस, मध्यम बांधा आणि स्थानिक हवामानाशी जुळवून घेण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. तो सावध व बुद्धिमान असतो.
* मुधोळ हाउंड : दख्खनच्या पठारावर हा कारवान या नावानेही ओळखला जातो. कर्नाटकातील मुधोळ येथील घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जोपासली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी जातींवर काढलेल्या तिकिटांत याचा समावेश आहे. तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा असल्याने त्याला मोकळ्या जागेत धावण्याची गरज असते.
* लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर : हा मनमिळाऊ व शिकवण्यास सोपा आहे. मात्र त्याला पुरेसा व्यायाम लागतो. लठ्ठपणा आणि खुब्याच्या सांध्याचे विकार त्याच्यात आढळतात.
* जर्मन शेफर्ड : हा बुद्धिमान व राखणीस योग्य असून त्याला नियमित प्रशिक्षण आवश्यक असते. यालाही खुब्याच्या सांध्याचे विकार होतात.
* इंडियन स्पिट्झ : भारतात याला अनेकदा पॉमेरेनियन म्हटले जाते. हा आकाराने लहान असल्याने सदनिकेत राहू शकतो. तो बराच भुंकतो.
* पग, बुलडॉग, शिह् त्झू : या चपट्या नाकाच्या जाती आहेत. श्वसनमार्ग अरुंद असल्याने त्यांना धाप लागते आणि उष्माघाताचा धोका अधिक असतो.

चित्रपट आणि जाहिरातींमुळे एखादी जात अचानक लोकप्रिय होते. हम आपके हैं कौन..! (१९९४) या हिंदी चित्रपटात इंडियन स्पिट्झ जातीचा कुत्रा होता. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग घराघरांत माहीत झाला. अशा लोकप्रियतेनंतर मागणी वाढते, पैदास घाईने होते आणि जातीच्या गरजा न तपासता कुत्रे विकत घेतले जातात.

पिलू किंवा प्रौढ कुत्रा मिळवणे

कुत्रा दत्तक घेता येतो किंवा नोंदणीकृत पैदासकाराकडून विकत घेता येतो. प्राणिकल्याण संस्थांच्या निवाऱ्यांत देशी कुत्र्यांप्रमाणेच सोडून दिलेले विदेशी जातींचे कुत्रेही आढळतात. प्रौढ कुत्रा दत्तक घेतल्यास त्याचा आकार व स्वभाव आधीच कळतो, हा त्याचा लाभ आहे.

श्वान पैदास व विपणन नियम, २०१७ नुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलांची विक्री करता येत नाही. आईपासून लवकर तोडलेल्या पिलाला चावा किती जोराने घ्यावा याचे भान भावंडांसोबतच्या खेळातून येत नाही. पिलू घेताना त्याची आई आणि ती ज्या जागी ठेवली आहे ती जागा प्रत्यक्ष पाहणे इष्ट समजले जाते. निरोगी पिलाचे डोळे स्वच्छ असतात, नाकातून स्राव येत नाही आणि ते माणसाकडे कुतूहलाने येते.

सामाजिकीकरण आणि प्रशिक्षण

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जन्मानंतर सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या सामाजिक जडणघडणीत निर्णायक असतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. या काळात निरनिराळी माणसे, मुले, वाहनांचे आवाज आणि इतर प्राणी यांचा सौम्य परिचय झाला, तर पुढे भीतीपोटी होणारे आक्रमण टळू शकते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलाला कडेवर घेऊन परिसर दाखवता येतो.

शौचाची सवय लावण्यासाठी पिलाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि खेळ संपल्यावर ठरावीक जागी नेतात व तेथे विसर्जन केल्यावर लगेच शाबासकी किंवा खाऊ देतात. घरात घाण केल्याबद्दल नंतर मारल्यास पिलाला शिक्षेचे कारण कळत नाही. ते केवळ माणसाला घाबरू लागते.

कुत्र्याला वठणीवर आणण्यासाठी माणसाने टोळीप्रमुखासारखी जरब बसवावी, ही समजूत बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवर आधारलेली होती. वन्य लांडग्यांचे कळप हे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, असे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. आता बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचा पुरस्कार केला जातो.

आहार

कुत्रा मांसाहारी गणातील असला, तरी माणसाच्या सहवासात तो पिष्टमय अन्न पचवू लागला. पिष्ट पचवणाऱ्या विकराशी संबंधित जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणूनच भाकरीतुकड्यावर कुत्रे जगत आले आहेत. तथापि, केवळ भाकरी किंवा दूधभात हा संपूर्ण आहार नव्हे. त्यातून पुरेशी प्रथिने, स्निग्ध पदार्थ व खनिजे मिळत नाहीत. अंडी, मांस, मासे आणि शिजवलेल्या भाज्या यांची जोड द्यावी लागते किंवा संतुलित तयार आहार द्यावा लागतो. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही.

कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, मनुका, चॉकलेट, मद्य आणि झायलिटॉल हा गोडवा असलेले पदार्थ कुत्र्यास विषारी ठरतात. फोडणीच्या भाजी-आमटीत कांदा-लसूण असल्याने घरातील उरलेले अन्न सरसकट देणे धोक्याचे असते. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या होऊन अन्नमार्गाला इजा होऊ शकते.

आरोग्य

लसीकरण : डिस्टेंपर, पार्व्हो, यकृतदाह व लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते. ठरावीक अंतराने मात्रा देऊन ते सुमारे १६ आठवड्यांच्या वयापर्यंत पूर्ण करतात. पार्व्हो हा रक्ती हगवण व उलट्या घडवणारा रोग लस न दिलेल्या पिलांत अनेकदा प्राणघातक ठरतो.

रेबीज : हा विषाणुजन्य रोग अलर्क या नावानेही ओळखला जातो. लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांमार्फत होतो. कुत्र्याला सुमारे तीन महिन्यांच्या वयात पहिली लस देतात आणि भारतात ती दरवर्षी देण्याचा प्रघात आहे. कुत्रा चावल्यास किंवा ओरखडल्यास, तो पाळीव असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे व विनाविलंब डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. रक्त आलेल्या जखमेत लसीसोबत प्रतिद्रव्यही (इम्युनोग्लोब्युलिन) द्यावे लागते. हळद, चुना किंवा तिखट लावल्याने संसर्ग टळत नाही, उलट उपचारास उशीर होतो.

परजीवी : पिलांना जंतांचे औषध वारंवार द्यावे लागते. गोचिडांमुळे एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे ताप येतात. अंगावर गोचीड दिसणे, भूक मंदावणे आणि हिरड्या फिकट पडणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने पशुवैद्यकीय तपासणी लागते.

निर्बीजीकरण : या शस्त्रक्रियेमुळे नको असलेली पिल्ले टळतात. मादीतील गर्भाशयाचा पूयुक्त दाह टळतो आणि शस्त्रक्रिया लहान वयात झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो.

उष्माघात : भर उन्हात फिरवणे, तापलेल्या डांबरी रस्त्यावर चालवणे आणि उभ्या मोटारीत कोंडून ठेवणे ही याची नेहमीची कारणे आहेत. उन्हाळ्यात कुत्र्याला पहाटे व सूर्यास्तानंतर फिरवतात.

मुले आणि कुत्रा

लहान मुलांना अनेकदा ओळखीचाच कुत्रा चावतो आणि उंची कमी असल्याने जखम चेहरा व मानेवर होते. चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा इशारे देतो. तोंड फिरवणे, वारंवार ओठ चाटणे, जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शरीर ताठ होणे आणि गुरगुरणे हे त्यांतील प्रमुख होत. शेपटी हलवणारा प्रत्येक कुत्रा मैत्रीच्या मनःस्थितीत असतोच असे नाही. गुरगुरल्याबद्दल शिक्षा केल्यास कुत्रा इशारा देणे सोडतो आणि पुढे एकाएकी चावतो. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला न छेडण्याची सवय मुलांना लावली जाते. तान्ह्या बाळाला कुत्र्याजवळ एकटे ठेवू नये, हा सर्वमान्य नियम आहे.

कायदेशीर तरतुदी

प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, सतत साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हे अपराध आहेत. पहिल्या अपराधासाठी ठेवलेला दंड १० ते ५० रुपये एवढाच असल्याने तो वाढवण्याची मागणी प्राणिकल्याण संघटना करत आल्या आहेत. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये यासाठी पुरेशी दक्षता न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे.

मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. त्याचबरोबर सार्वजनिक जागी कुत्र्याला पट्टा बांधणे आणि त्याची विष्ठा उचलणे पालकांकडून अपेक्षित असते.

वार्धक्य आणि मृत्यू

मोठ्या आकाराच्या जाती सातव्या-आठव्या वर्षीच वृद्धत्वाकडे झुकतात, तर लहान जाती अधिक काळ जगतात. मोतीबिंदू, बहिरेपणा, सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार व लघवीवरील ताबा सुटणे ही वार्धक्याची सामान्य लक्षणे आहेत. कुत्रे सोडून देण्याचे प्रकार पिलू मोठे होताना घडतात, तसेच या टप्प्यावरही घडतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधण्याची आणि परक्या कुत्र्यांच्या हद्दीत वावरण्याची सवय नसते, त्यामुळे रस्त्यावर तो क्वचितच टिकाव धरतो. कुत्रा सांभाळणे अशक्य झाल्यास त्याच्यासाठी दुसरे घर शोधणे हा मार्ग असतो. बऱ्या न होणाऱ्या व असह्य वेदनांच्या आजारात पशुवैद्य इंजेक्शनद्वारे वेदनारहित मृत्यू देऊ शकतात. अशा वेळी कुटुंबीयांना, विशेषतः कुत्र्यासोबत वाढलेल्या मुलांना, तीव्र शोक होणे स्वाभाविक मानले जाते.