शिश्नरोपणानंतर ठिबकणारी लघवी

लघवी पूर्ण झाली असे समजून माणूस स्वच्छतागृहातून बाहेर पडतो, दोन-चार पावले चालतो किंवा खुर्चीत बसतो, आणि तेवढ्यात काही थेंब नकळत बाहेर येऊन अंतर्वस्त्र ओले होते. वैद्यकशास्त्र या तक्रारीला मूत्रविसर्जनोत्तर ठिबक म्हणते. थेंब थोडेच असतात, पण त्यांचा धाक मोठा असतो. फिकट रंगाची पँट घालणे बंद होते, लांबच्या प्रवासाला नकार दिला जातो, पूजेला बसताना किंवा नमाजापूर्वी शुचितेची शंका मनात घर करते. पन्नाशी उलटलेल्या अनेक पुरुषांना हा अनुभव येतो. मात्र शिश्नात कृत्रिम रोपण बसविलेला पुरुष त्याचा अर्थ वेगळा लावतो. भरपूर खर्च करून, बहुधा नातलगांपासून लपवून करून घेतलेली शस्त्रक्रिया बिघडली, असे त्याला वाटू लागते. बहुतेक वेळा तसे नसते. काही वेळा मात्र हेच थेंब गंभीर बिघाडाची खूण असतात, आणि हा फरक रुग्णाला ठाऊक असावा लागतो.

थेंब येतात कोठून, हे आधी पाहू. शिश्नात स्पंजासारख्या ऊतींचे तीन स्तंभ असतात. वरच्या बाजूचे दोन जाड स्तंभ रक्ताने भरले की ताठरता येते. त्यांच्या खालून जाणाऱ्या तिसऱ्या, बारीक स्तंभातून मूत्रमार्ग जातो. अंडकोशाच्या मागे मूत्रमार्गाचा हा भाग कंदासारखा फुगीर असतो व तेथे त्याला वळण असते. नदीच्या वळणावर जसा डोह साचतो, तशी लघवी संपल्यावरही तेथे थोडी लघवी साचून राहते. ती बाहेर ढकलण्याचे काम त्या कंदाभोवती गुंडाळलेल्या बल्बोस्पाँजिओसस नावाच्या स्नायूचे. तो वेळेवर आणि जोराने आवळला तर शेवटचे थेंब तेथल्या तेथे पडतात. तो शिथिल पडला असेल तर साचलेली लघवी चालताना, वाकताना किंवा बसताना निसटते. म्हणजे मूत्राशय पूर्ण रिकामे झालेले असते, थेंब वाटेतच अडकलेले असतात. म्हणून पाणी कमी पिऊन किंवा मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या परस्पर घेऊन ही तक्रार जात नाही. उलट प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने अशा गोळ्या घेतल्यास लघवी अडकण्याचा धोका असतो.

गंमत अशी की, हाच स्नायू ताठरता टिकवण्यासही हातभार लावतो. तो आवळला की शिश्नातून रक्त परत नेणारी नीला दाबली जाते आणि ताठरपणा वाढतो. ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञ ग्रेस डोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळजवळ दोनतृतीयांश पुरुषांना लघवीनंतरच्या ठिबकण्याचाही त्रास असल्याचे आढळले. यांपैकी कोणावरही रोपणामुळे हा त्रास ओढवलेला नव्हता. याचा अर्थ सरळ आहे. ज्या पुरुषावर शिश्नरोपणाची वेळ येते, त्याची ठिबक पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनचीच असते. मोठ्या दुःखापुढे तिच्याकडे लक्ष गेलेले नसते इतकेच. रोपण ताठरता देते. दुबळा स्नायू बळकट करून देत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत ताठरतेविषयी खोदून विचारले जाते, लघवीविषयी मात्र ओझरते. तक्रार शस्त्रक्रियेपूर्वी होती की नाही याची नोंद केसपेपरवर असेल, तर नंतरचा बराच गोंधळ आणि मनस्ताप वाचतो. डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे.

रोपणाचे मुख्य प्रकार दोन. वाकवता येणारे घन दांडे हा पहिला प्रकार. तो तुलनेने स्वस्त असल्याने आपल्याकडे अधिक वापरला जातो, मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेले सिलिकोनचे भारतीय रोपण याच प्रकारातले. दुसरा प्रकार फुगवता येणाऱ्या नळ्यांचा. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट व सहकाऱ्यांनी १९७३ साली तो वैद्यकविश्वापुढे मांडला. त्याच्या तीन भागांच्या रचनेत शिश्नात दोन नळ्या, अंडकोशात लहानसा पंप आणि बहुधा मूत्राशयालगत सलाईनची पिशवी असते. दोन्ही प्रकारांत दांडे किंवा नळ्या वरच्या दोन स्तंभांत बसतात. मूत्रमार्गाला हात लावायचा नसतो, पण तो अगदी शेजारी असतो.

म्हणून रोपणाचा वाटा मुळीच नसतो, असेही म्हणता येणार नाही. घन दांड्यांमुळे शिश्न कधीच पूर्णपणे मऊ पडत नाही. त्याची दिशा नीट खाली वळवली नाही, तर मूत्रमार्गातील लघवी सहजपणे ओघळून जात नाही. फुगवता येणारे रोपण अर्धवट फुगलेले राहिले, तर नळ्यांचा दाब मूत्रमार्गावर पडून धार बारीक होते आणि शेवट रेंगाळतो. लघवीपूर्वी ते पूर्ण सैल करण्याची सवय लावून घ्यावी. घन दांडे असणाऱ्यांनी बसून लघवी करून पाहावी. अनेकांची निम्मी अडचण तेवढ्याने सुटते. आपल्याकडे पुरुष याला राजी होत नाहीत, पण त्यात कमीपणा कसला?

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे वेगळे धरावेत. लघवीची नळी साधारणपणे दुसऱ्या दिवशी काढतात. त्यानंतर थोडी जळजळ आणि थोडे ठिबकणे सूज ओसरेपर्यंत राहू शकते. सूज उतरत जाते तसे हे प्रमाण दर आठवड्याला कमी व्हायला हवे. ते वाढत असेल, तर मात्र वाट पाहू नये.

जखम पूर्ण भरल्यावर, आणि आपल्या शल्यचिकित्सकाने होकार दिल्यावरच, दोन साधे उपाय सुरू करता येतात. पहिला हाताचा. लघवी संपल्यावर काही क्षण थांबावे. मग दोन-तीन बोटे अंडकोशाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढच्या मऊ जागेवर ठेवून हलकेच वर दाबावीत आणि तसाच दाब देत अंडकोशाखालून शिश्नाच्या मुळापर्यंत पुढे आणावीत. साचलेले थेंब पुढे सरकतात व बाहेर पडतात. दोनदा केले की पुरते. रोपण असलेल्यांनी पंपावर दाब येऊ देऊ नये, आणि शिश्न ओढून-पिळून थेंब काढण्याचा प्रयत्न तर करूच नये.

दुसरा उपाय व्यायामाचा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये प्रसूतीनंतरच्या स्त्रियांसाठी जो व्यायाम सांगितला, त्याचेच हे पुरुषांसाठीचे रूप. चारचौघांत वायू रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो ते आवळावेत. बरोबर जमले तर शिश्नाचे मूळ किंचित आत ओढल्यासारखे वाटते. पाच ते दहा सेकंद धरून तेवढाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये. मांड्या आणि नितंब आवळले जात असतील तर व्यायाम चुकतो आहे असे समजावे. लघवीची धार मध्येच तोडून सराव करण्याची सवय मात्र वाईट. लघवी संपताक्षणी एकदा जोराने आवळण्याची सवय लागली की तिचा उपयोग सर्वाधिक. फळ दिसायला तीनएक महिने लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्याच आठवड्यात कंटाळून सोडतात. डोरी यांच्या अभ्यासात याच व्यायामाने ठिबकणे थांबल्याचे बहुसंख्य पुरुषांनी सांगितले होते.

सगळीच गळती ही अशी साधी नसते. खोकताना, जिना चढताना, पिशवी उचलताना लघवी निसटत असेल, तर दोष मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या झडपेसारख्या स्नायूचा असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्या पुरुषांत हे विशेष आढळते, आणि रोपण करून घेणाऱ्यांत असे पुरुष बरेच असतात. त्यांच्यापैकी काहींना संभोगाच्या अत्युच्च क्षणी लघवी निसटल्याचा अनुभव रोपणानंतर प्रथमच येतो, कारण संभोगच पुन्हा सुरू झालेला असतो. यावर आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसविण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, आणि रोपण असलेल्या पुरुषावरही त्या करता येतात. मधुमेहात मूत्राशयाच्या नसा दुबळ्या होऊन ते पुरते रिकामे होत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या औषधांनी लघवीतून साखर जाते, लघवीचे प्रमाण वाढते आणि जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. ही औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता ज्या लक्षणांना उशीर चालत नाही त्यांविषयी. शस्त्रक्रियेनंतर लघवी सतत थेंबथेंब येत असेल, ओटीपोट फुगले असेल आणि मोकळे झाल्यासारखे वाटतच नसेल, तर ती ठिबक नव्हे. लघवी अडकून तुडुंब भरलेले मूत्राशय ओसंडत आहे. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. ताप, वाढत जाणारी वेदना, जखमेतून पू, अंडकोशाची कातडी लाल होऊन पंपाला चिकटणे, ही जंतुसंसर्गाची चिन्हे आहेत. मधुमेह्यांत आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेल्यांत त्याचा धोका अधिक. आणि संसर्ग मुरला तर रोपण काढावे लागते. लघवीतून रक्त, एकाएकी बारीक झालेली किंवा दुभंगलेली धार, शिश्नाच्या टोकाशी टोचणे, लघवीच्या छिद्रात काहीतरी पांढुरके दिसणे यांचा अर्थ दांडा किंवा नळी मूत्रमार्गात घुसत आहे असा असू शकतो. लघवीची तपासणी व कल्चर, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, धारेचा वेग मोजणारी चाचणी आणि गरज पडल्यास लवचिक दुर्बिणीने मूत्रमार्गाची पाहणी यांतून निदान होते.

एक गोष्ट घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असलीच पाहिजे, मग शस्त्रक्रिया कितीही गुप्त ठेवलेली असो. पुढे अपघात, पक्षाघात किंवा अन्य शस्त्रक्रियेच्या निमित्ताने या रुग्णाला लघवीची नळी घालण्याची वेळ येऊ शकते. फुगवता येणारे रोपण आधी पूर्ण सैल करून मगच नळी घालायची असते, ती बारीक घ्यायची असते आणि शक्य तितक्या लवकर काढायची असते. घन दांडे आणि बरेच दिवस राहिलेली नळी यांच्यामध्ये मूत्रमार्गाची भिंत चिरडली जाते. ज्याच्या शरीराच्या खालच्या भागाची संवेदना गेलेली आहे, त्याला हे दुखतही नाही. नळी दीर्घकाळ ठेवणे भागच असेल, तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात घालण्याचा पर्याय असतो. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना रोपणाची कल्पना असेलच असे नाही. रोपणाचा प्रकार, कंपनीचे नाव आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेले कार्ड रुग्णालयातून घरी जाताना मागून घ्यावे आणि पाकिटात, रक्तगटाच्या चिठ्ठीशेजारी ठेवावे.