हृदयारोपण आणि रक्तातील संप्रेरके

आपल्या भाषेने हृदयास नेहमीच भावनेचे घर मानले. शरीरशास्त्राने मात्र त्यास दीर्घकाळ निव्वळ रक्त ढकलणारा पंप समजले. पंप एका छातीतून काढून दुसऱ्या छातीत बसविता येईल, याच विश्वासावर हृदयारोपणाचा आरंभ झाला. त्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हेच धाडस केले. कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगांची तयारी त्यांच्यापाशी होती. रुग्ण मात्र काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नासही यश आले नाही. हात कुशल होते, पण शरीराचा परक्या अवयवास असलेला विरोध शमविणारे प्रभावी औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते आणि मेंदूच्या मृत्यूस आपल्याकडे कायद्याची मान्यताही नव्हती. सायक्लोस्पोरिन हे औषध 1980 नंतर हृदयारोपणात वापरले जाऊ लागले, तेव्हा रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले आणि त्यांच्या रक्ताचा निवांतपणे अभ्यास करणे शक्य झाले.

याच सुमारास, 1981 मध्ये, कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयातील अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांस टोचला. त्यांचे मूत्र आणि त्यावाटे जाणारे मीठ एकदम वाढले. हृदय स्वतःच एक संप्रेरक स्रवते, हे त्यावरून उघड झाले. अलिंदांवर ताण पडला की ते रक्तात उतरते, मूत्रपिंडांस मीठ व पाणी बाहेर टाकावयास लावते आणि रक्तदाब उतरविते. हृदय म्हणजे केवळ पंप नव्हे, ती एक ग्रंथीही आहे.

मग रोपण केलेल्या हृदयाचे काय? रुग्णांच्या रक्तात या संप्रेरकाची पातळी रोपणानंतरही सामान्य माणसाहून अधिक राहते, असे आढळले. जुन्या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या अलिंदांचा मागील भाग तसाच ठेवून त्यास दात्याचे हृदय शिवीत. त्यामुळे अलिंद मोठे होत. शिवाय औषधांमुळे वाढणारा रक्तदाब आणि मूत्रपिंडांवर येणारा भार हीही कारणे सांगितली जातात.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. रोपणात हृदयाच्या मज्जातंतू तुटतात. विश्रांतीतही ते हृदय मिनिटास नव्वद-शंभर ठोके देते. रुग्ण जिना चढू लागला तरी त्याची गती लगेच वाढत नाही; अधिवृक्क ग्रंथींचे ॲड्रेनॅलिन रक्तातून वाहत येऊन पोहोचले, की मग ती हळूहळू वाढते. रुग्ण थांबला तरी ती उतरावयास वेळ लागतो. तार तुटलेल्या गावास टपालाने निरोप यावा, तसा हा प्रकार होय. म्हणूनच अशा रुग्णास व्यायामाआधी अंग सावकाश तापविण्यास आणि शेवटी सावकाश थांबण्यास सांगतात.

भारतात मेंदूमृत्यूस मान्यता देणारा कायदा 1994 मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईस मात्र 2015 सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सुरतेहून एक हृदय विमानाने मुंबईस गेले. दात्याच्या शरीरातून निघालेले हृदय साधारण चार तासांत पुन्हा धडधडावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाचे मोल कळते.

बमरोलीतील आपल्या घरांत खानदेशातून येथे आलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. यंत्रमागांच्या आणि रहदारीच्या या वस्तीत अपघातही नवे नाहीत. एखाद्या घरावर तशी वेळ आली, तर संमतीचा प्रश्न त्या दुःखाच्या घटकेसच विचारला जातो आणि उत्तरासाठी फार थोडा अवधी असतो. त्याचा विचार घरात आधीच, शांतपणे व्हावा. दुसऱ्याच्या छातीत गेलेले हृदय तेथील रक्तातून येणारा निरोप ऐकते आणि स्वतःचा निरोपही त्याच रक्तात सोडते, एवढे तरी विज्ञानाने आता निश्चित केले आहे.