वर्गसमीकरणाची दोन उत्तरे

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत २०१३ पासून दुसरी प्रश्नपत्रिका आली आणि तासगावसारख्या तालुक्याच्या गावी अभ्यास करणाऱ्या उमेदवारांपुढेही ‘माहितीची पर्याप्तता’ हा प्रश्नप्रकार उभा राहिला. त्यात उत्तर काढायचे नसते, तर दिलेल्या विधानांवरून एकच निश्चित उत्तर निघते की नाही, एवढेच ठरवायचे असते. अज्ञात संख्येचा वर्ग ज्यात येतो, त्या वर्गसमीकरणाला दोन उत्तरे संभवतात. त्यामुळे अशा प्रश्नात ते फार वेळा योजले जाते. प्रश्नपत्रिका नवी असली तरी या प्रश्नामागील विचार सह्याद्रीच्या परिसरात ११५० मध्येच ग्रंथबद्ध झाला होता.

त्या वर्षी पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या ‘बीजगणित’ या भागात भास्कराचार्यांनी ‘मध्यमाहरण’, म्हणजे समीकरणातील मधले पद नाहीसे करण्याची रीत, सांगितली. त्यासाठी पूर्वीचे गणिती श्रीधराचार्य यांचा नियम त्यांच्या नावानिशी उद्धृत केला: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या गुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मूळ मधल्या गुणकाचा वर्ग मिळवावा, म्हणजे अज्ञाताची बाजू पूर्ण वर्ग होते.

खरी सूक्ष्मता मात्र भास्कराचार्यांच्या उदाहरणांत आहे. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आणि उरलेले बारा टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? उत्तरे ४८ आणि १६. भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एकच दिसतो. येथे ५० आणि ५ निघतात, परंतु पाचाचा पाचवा भाग एक असल्याने त्यातून तीन वजा होताच ऋण संख्या येते, आणि वानरांच्या बाबतीत ऋण संख्या लोकांना मान्य नाही, म्हणून ५ हे उत्तर ते सोडून देतात. दोन्ही उदाहरणांत चारही उत्तरे धन आहेत, हे विशेष. ‘संख्या धन आहे’ हे विधान जोडून माहिती पुरी झाली असे मानणाऱ्या आजच्या उमेदवाराची चूक नेमकी इथे होते. निर्णय समीकरणाइतकाच मूळ कथेतील अटींवरही अवलंबून असतो.

हे गणित केवळ पोथीत राहिले नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो की, यादव राजा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव, जो भास्कराचार्यांचा नातू होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापला. मठाच्या खर्चासाठी दिलेल्या दानांचा तपशील लेखाच्या मराठी भागात आहे.